1837 आधीचं इंग्लंडमधलं लग्न पॅरिश रजिस्टरमध्ये कसं शोधायचं? (नॉरफॉक)

उंबरठा

नमस्कार मंडळी. सून इंग्लंडची, तिच्या माहेरचं मूळ नॉरफॉक परगण्यातलं. नातवासाठी दोन्हीकडची वंशावळ लिहून ठेवते आहे. आपल्या बाजूला नाशिकच्या उपाध्यांची वही कामी आली, तिकडची बाजू मात्र 1820 पाशी अडली. मी पुण्यात, त्यामुळे जे करायचं ते घरबसल्या कॉम्प्युटरवरच.

हातात आहे ते असं. 1851 च्या जनगणनेत जेम्स, वय 54, सुतार, जन्म वायमंडहॅम. बायको सुझन, वय 52, जन्म हिंगहॅम. राहणार वायमंडहॅम. घरात धाकटी मुलगी, वय 11. थोरल्या मुलाचा बाप्तिस्मा वायमंडहॅमच्या चर्चमध्ये मार्च 1821 चा. त्यात आईबापांची नावं, गाव आणि बापाचा धंदा एवढंच आहे, आईचं माहेरचं आडनाव नाही.

अडचणी तीन:

1. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या मोफत साइटवर जेम्सचं आडनाव घालून 1815 ते 1821 शोधलं. वायमंडहॅममध्ये लग्न नाही. मग कुठे बघायचं?
2. सुझनचं माहेरचं आडनाव कळायला दुसरा काही मार्ग आहे का?
3. जेम्सच्या आईवडिलांचं लग्न 1790 च्या आसपासचं असावं. त्या वर्षांच्या पॅरिश रजिस्टरचे, म्हणजे गावच्या चर्चच्या नोंदवहीचे, फोटो पानोपानी पाहिले. बाप्तिस्मे आहेत, दफनं आहेत, लग्न एकही नाही. तेव्हा लग्नं नोंदवत नव्हते का?

दप्तरी

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करा, पहिला त्यातच सुटेल. तुमचं काम ती अकरा वर्षांची मुलगी करून देईल.

1851 ची जनगणना 30 मार्चच्या रात्रीची. तेव्हा वय 11, म्हणजे जन्म साधारण एप्रिल 1839 ते मार्च 1840 मधला. सरकारी जन्मनोंदणी 1 जुलै 1837 ला सुरू झाली, त्यामुळे ही मुलगी त्यात असायला हवी. जनरल रजिस्टर ऑफिसच्या, म्हणजे जीआरओच्या, स्वतःच्या साइटवर जो जन्मांचा इंडेक्स आहे त्यात अगदी 1837 पासून आईचं माहेरचं आडनाव दिलेलं आहे. खातं उघडणं फुकट, शोधणंही फुकट. फ्रीबीएमडीवर आणि इतर बऱ्याच साइटवर जुना तिमाही इंडेक्स आहे. त्यात आईचं आडनाव 1911 च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच यायला लागतं, म्हणून या कामासाठी तिथे जाऊ नका.

शोधताना मुलीचं आडनाव, लिंग आणि 1839 अधिक-उणे 2 वर्षं घाला. निकालात गावाचं नाव दिसणार नाही, नोंदणी जिल्ह्याचं दिसेल. वायमंडहॅमसाठी आणि हिंगहॅमसाठीही तो जिल्हा फोरहो. नाव, वर्ष, जिल्हा जुळलं की पुढे माहेरचं आडनाव असेल. एकाच मुलावर विसंबू नका. 1837 नंतर जन्मलेली आणखी भावंडं असतील तर तीही काढा, सगळ्यांच्या पुढे तेच आडनाव आलं की निर्धास्त. आडनावाच्या जागी नुसती आडवी रेघ असेल तर ते मूल बहुधा लग्नाबाहेरचं. मुलगी सापडलीच नाही तर लगेच हात टेकू नका. 1875 पर्यंत जन्म नोंदवला नाही म्हणून आईबापांवर फारसा बडगा नव्हता, काही मुलं सुटली आहेत. अशा वेळी दुसरं भावंड बघायचं.

यात एक मेख आहे. सुझन विधवा असून जेम्सशी तिचं दुसरं लग्न असेल, तर इंडेक्समध्ये तिचं जन्माचं आडनाव येईल, पण चर्चच्या लग्ननोंदीत ती पहिल्या नवऱ्याच्या आडनावाने उभी असेल. इंडेक्सच्या आडनावाने लग्न मिळालं नाही तर मुलीच्या जन्मनोंदीची प्रत मागवा. आईच्या रकान्यात पहिल्या नवऱ्याचं आडनाव आणि मूळचं आडनाव अशी दोन्ही लिहिलेली असतात.

आता तिसरा प्रश्न. नोंदवत होते, पण वही वेगळी. लॉर्ड हार्डविकचा कायदा 25 मार्च 1754 ला लागू झाला. तेव्हापासून लग्नांसाठी स्वतंत्र वही आली, बहुतेक ठिकाणी छापील फॉर्मची. बाप्तिस्मे आणि दफनं मात्र 1812 पर्यंत जुन्याच वहीत चालू राहिली. त्यामुळे जुन्या वहीत 1754 च्या मार्चला लग्नं अचानक थांबलेली दिसतात. रेकॉर्ड ऑफिसच्या, म्हणजे परगण्याच्या दप्तरखान्याच्या, कॅटलॉगमध्ये 'लग्नं 1754–1812' असा वेगळा खंड शोधा. फॅमिलीसर्चवर फोटो चाळत असाल तर तोच खंड त्याच पॅरिशच्या संचात पुढे कुठेतरी शेदोनशे फोटोंनंतर सुरू होत असेल, कधी दुसऱ्याच फिल्मवर असेल.

कोणत्या काळाची वही उघडली आहे ते पानावरूनच कळतं. 1754 नंतरच्या लग्नवहीत पानाला बहुधा चार नोंदी, 1813 पासून तीन, 1837 च्या जुलैपासून दोन. फोटो झरझर पुढे सरकवताना आकडा वाचायची गरज पडत नाही.

पानकावळा

दप्तरींनी आडनावाचं सांगितलं, मी जागेचं सांगतो.

आधी एक. वायमंडहॅम लिहितात तसं बोलत नाहीत. तिकडचे लोक 'विंडम' म्हणतात. हे नुसतं गंमत म्हणून सांगत नाही. शेजारच्या पॅरिशचा क्लार्क कानाला आलं तसं लिहायचा, त्यामुळे रजिस्टरमध्ये 'विंडहॅम' अशी अक्षरं भेटतील आणि इंडेक्स करणाऱ्याने ते दुसरंच गाव धरलेलं असेल. नॉरफॉकमध्ये असे नमुने भरपूर. कॉस्टेसीला कॉसी म्हणतात, हॅपिसबर्गला हेझ्ब्रा.

लग्न मुलीच्या पॅरिशमध्ये करायची रीत होती. कायदा नव्हे, रीत. सुझन हिंगहॅमची, तेव्हा पहिलं दार हिंगहॅमचं. पण ती मोलकरीण म्हणून दुसऱ्या गावी राहत असेल तर ती 'त्या पॅरिशची' ठरते, आणि लग्न तिथे. म्हणून हिंगहॅमनंतर दोन्ही गावांच्या सीमेला लागून असलेली पॅरिशं घ्या, मग दहा-बारा मैलांचा घेर, मग बाजारपेठेची गावं, शेवटी नॉर्विच. नॉर्विच शहरात तीसहून जास्त पॅरिशं होती. खेड्यातली जोडपी थोडे दिवस तिथे मुक्काम दाखवून लग्न लावून घेत आणि नोंदीत दोघंही 'याच पॅरिशचे' होऊन बसत. त्या शब्दांवरून मूळ गाव ठरवू नका.

घेर वाढवण्याआधी बॅन्सची, म्हणजे लग्नाआधीच्या घोषणांची, वही बघा. बहुतेक लोक ही वही उघडतच नाहीत. लायसन्स, म्हणजे घोषणेशिवाय लग्न लावायची परवानगी, नसेल तर लग्नाची घोषणा तीन रविवारी चर्चमध्ये करावी लागे, आणि वर-वधू वेगळ्या पॅरिशचे असतील तर दोन्ही चर्चमध्ये. लग्न एकाच ठिकाणी होतं, बॅन्सची नोंद मात्र दोन्हीकडे पडते. म्हणजे जेम्सच्या विंडममध्ये लग्न नसलं तरी तिथल्या बॅन्सच्या वहीत 'जेम्स अमुक, या पॅरिशचा, आणि सुझन तमुक, अमक्या पॅरिशची' अशी ओळ असायला हवी. मुलीचं आडनाव आणि लग्नाचं ठिकाण एका दमात हाती येतं. 1754 च्या काही वह्यांत बॅन्स आणि लग्न एकाच फॉर्मवर आहेत. फॉर्मचा खालचा भाग कोरा दिसला तर लग्न दुसरीकडे झालं असा अर्थ घ्या, मोडलं असा नव्हे. अर्थात मोडलंही असू शकतं. बॅन्स म्हणजे लग्नाचा पुरावा नाही. 1823 च्या कायद्याने तर तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर घोषणा परत करावी लागे, म्हणून कधी एकाच जोडप्याचे बॅन्स दोनदा दिसतात.

इंडेक्समध्ये नाही म्हणजे नोंद नाही असं धरू नका. इंडेक्स कुणीतरी बघून टाइप केलेला असतो. काही पॅरिशं झालेलीच नसतात, काहींची मधली दहा वर्षं सुटलेली असतात. शोधताना:

– आडनाव काढून टाका. फक्त जेम्स, सुझन, हिंगहॅम, 1816 ते 1822 असं घाला. दोन नावं आणि एक गाव मिळून यादी आटोक्यात येते.
– आडनाव घालायचंच तर मधल्या अक्षरांच्या जागी चांदणी घाला. एल आणि टी, एन आणि यू, कॅपिटल एस आणि एल ही अक्षरं हमखास उलटी वाचली जातात.
– सुझन, सुझॅना, सुकी ही एकाच बाईची रूपं असू शकतात. अ‍ॅन आणि हॅनाचंही तसंच.
– फ्रीआरईजी बघा. मोफत आहे आणि नॉरफॉकचा भरणा चांगला आहे. तिथे कोणत्या पॅरिशची कोणती वर्षं झाली आहेत तेही दिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय 'सापडलं नाही' म्हणू नये.

आणि सापडल्यावर फोटो बघायचाच. फॅमिलीसर्चवर नॉरफॉकच्या पॅरिश वह्यांचे फोटो आहेत. कॅमेऱ्याच्या चिन्हावर किल्ली दिसली तर तो संच घरून उघडत नाही, त्यांच्या केंद्रावर जावं लागतं.

मूळ पान फाटलं असेल, शाई उडाली असेल तर बिशपकडे पाठवलेल्या नकला बघा. 1598 पासून दर वर्षी पॅरिशने नक्कल पाठवायची असा नियम होता. नॉर्विच धर्मप्रांतात बहुतेक वर्षी ती आर्चडीकनकडे, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्याकडे, जाई आणि ठरावीक वर्षांनी बिशपकडे, म्हणून दोन वेगळे संच आहेत आणि दोन्ही बघावे लागतात. नक्कल करताना क्लार्कने साक्षीदार गाळलेले असतात, कधी अख्खी नोंदच. पण उलटंही होतं, मूळ वहीत राहून गेलेलं लग्न नकलेत मिळतं.

सुगी

छोटी भर. नॉरफॉक हा धान्याचा मुलूख. सुगी आटोपली, हातात मजुरी आली की ऑक्टोबरमध्ये लग्नांचा धडाका. फोटो हाताने चाळायची वेळ आली तर प्रत्येक वर्षाचा ऑक्टोबर-नोव्हेंबर आधी बघा, मग बाकीचं. नाताळच्या दिवशीही कामकऱ्यांची बरीच लग्नं लागत, सुट्टी तेवढीच.

आणि थोरल्या मुलाच्या आधी पाच वर्षं मागे जा, पण बाप्तिस्म्याच्या आदल्या महिन्यापर्यंत या. लग्नानंतर चार-पाच महिन्यांत बाप्तिस्मा ही त्या काळात नवलाची गोष्ट नव्हती. शिवाय 1821 चा मुलगा 'थोरला' हे तुम्हाला सापडलेल्यांतला थोरला. त्याच्या आधीची एक-दोन लहानपणीच गेलेली असू शकतात, दफनाच्या वहीत बघा.

उंबरठा

दप्तरी, पानकावळा, सुगी, मनापासून आभार. जीआरओमध्ये 1839 ची मुलगी आणि 1837 च्या अखेरीचा एक मुलगा मिळाला, दोघांपुढे आईचं आडनाव एकच, जिल्हा फोरहो.

ते आडनाव घालून शोधलं तर आता दोन लग्नं पुढे आली:

अ) हिंगहॅम, 12 ऑक्टोबर 1819. वराच्या आडनावात एक अक्षर वेगळं, म्हणून आधी निसटलं होतं.
ब) नॉर्विचमधलं एक पॅरिश, 1817, लायसन्सने.

दोन्हीकडे जेम्स आणि सुझन, आडनावंही तीच. दोन्ही आडनावं त्या भागात पैशाला पासरी आहेत. हिंगहॅमची तारीख आणि गाव जुळतं, पण जुळतं म्हणून तेच कसं म्हणायचं? आणि नोंदीत वडिलांची नावं नाहीत का? मुलाने पाठवलेल्या दुसऱ्या एका दाखल्यावर होती.

दप्तरी

तो दाखला 1837 नंतरचा असणार. वय, धंदा, वडिलांचं नाव आणि वडिलांचा धंदा हे रकाने 1 जुलै 1837 पासूनचे. त्यातही वयाच्या जागी नुसतं 'फुल एज' लिहिलं असेल तर 21 किंवा त्याहून जास्त एवढंच समजा. आईचं नाव तर मे 2021 पर्यंत दाखल्यावर नव्हतं. त्यामुळे 1819 ची नोंद सापडणं आणि ती आपल्या माणसाची आहे हे ठरवणं, ही दोन कामं आहेत.

1813 ते 1837 च्या फॉर्मवर नेमकं काय असतं ते बघून घ्या. पहिली ओळ वराची, पुढे त्याचं पॅरिश. दुसरी वधूची, तिचं पॅरिश. मग लग्न बॅन्सने की लायसन्सने. मग 'यांच्या संमतीने' अशी जागा. तिथे आईवडील लिहिलं असेल तर एक जण 21 च्या खालचा होता असा अंदाज बांधता येतो, पण काही पाद्री सगळ्यांच्याच नोंदीत ती जागा भरत आणि काही कुणाच्याच नाही, म्हणून आजूबाजूची पाच-सात पानं बघून त्या पाद्र्याची सवय ओळखा. मग तारीख, पाद्र्याची सही. शेवटी वर-वधूच्या सह्या आणि दोन साक्षीदार. लिहिता येत नसेल तर फुली, आणि फुलीच्या वर-खाली क्लार्कने लिहिलेलं नाव. अशा वेळी आडनावाचं स्पेलिंग क्लार्कचं, कुटुंबाचं नव्हे. तुमचं एक अक्षर बहुधा असंच बदललं.

आता दोनातून एक. मी या क्रमाने जाईन.

विंडमच्या बॅन्सच्या वहीत सप्टेंबर-ऑक्टोबर 1819. तिथे हिंगहॅमच्या सुझनचे बॅन्स असतील तर 'अ' मधला जेम्स विंडमचाच ठरतो. एवढ्याने अर्ध्याहून जास्त काम झालं.

मग 'ब' जोडप्याचा माग. हे लोक टाळतात, आणि नेमकं इथेच चुकीचे पूर्वज चिकटतात. नॉर्विचला 1817 नंतर त्याच नावांच्या आईबापांच्या मुलांचे बाप्तिस्मे बघा. 1813 पासून बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा आणि राहण्याची जागा आहे. तुमच्याकडे थोरला मुलगा 1821 मध्ये विंडमला सुताराच्या घरी. नॉर्विचमध्ये 1820 ते 1825 दरम्यान त्याच नावांच्या दुसऱ्या धंद्याच्या माणसाला मुलं होत असतील तर ती माणसं वेगळी. 1851 मध्ये ते जोडपं तिथे जिवंत सापडलं तर प्रश्नच मिटला.

'ब' लायसन्सने आहे हे तुमच्या फायद्याचं. लायसन्स काढताना वराने शपथपत्र द्यायचं, आणि 1823 पर्यंत सोबत बाँडही. त्यात वय, अविवाहित की विधुर, धंदा, दोघांची पॅरिशं आणि लग्न कुठे लागणार ते असतं. बाँडवर वरासोबत आणखी एकाची सही असते, कधी तो बाप किंवा भाऊ निघतो. त्यातली 100-200 पौंडांची रक्कम बघून माणूस श्रीमंत होता असं समजू नका. ती फक्त लग्नाला कायद्याची आडकाठी निघाली तरच भरायची. नॉर्विचचे हे कागद नॉरफॉक रेकॉर्ड ऑफिसमध्ये आहेत. वय '21 आणि वर' असं लिहिलं असेल तर तो निव्वळ सज्ञान असल्याचा शेरा.

शेवटी सह्या. हिंगहॅमला जेम्सने सही केली असेल तर त्याच्या मुलामुलींच्या 1837 नंतरच्या लग्नांत तो साक्षीदार आहे का ते बघा. मात्र चर्चच्या वहीचा फोटो बघा, जीआरओकडून आलेली प्रत नको. जीआरओकडे गेलेली प्रत पाद्र्याने किंवा क्लार्कने उतरवलेली, त्यातल्या 'सह्या' एकाच हाताच्या असतात. चर्चच्या वहीत खरी सही. फोटो फुकट मिळत असेल तर लग्नाच्या दाखल्यावर पैसे घालू नयेत असंच माझं मत.

पानकावळा

शेवटच्या मुद्द्याला किंचित विरोध. फोटो असेल तर दाखला नको हे खरं, पण 1837 नंतरचं लग्न चॅपलमध्ये, म्हणजे इतर पंथांच्या प्रार्थनागृहात, किंवा रजिस्ट्रारच्या कचेरीत लागलं असेल तर चर्चच्या वहीत ते नसतंच. तिथे दाखलाच मागवावा लागतो. आधी लग्न कुठे लागलं ते ठरवून मग निर्णय घ्या.

1754 ते 1837 मध्ये मात्र ही भानगड नाही. क्वेकर आणि ज्यू सोडले तर मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, कॅथलिक सगळ्यांना अँग्लिकन पॅरिश चर्चमध्येच लग्न लावावं लागे. घराणं चॅपलला जाणारं आहे म्हणून पॅरिशची वही सोडून देणं ही नेहमीची चूक.

साक्षीदारांबद्दलही. मागची-पुढची दहा पानं बघा. एकच नाव प्रत्येक लग्नात दुसरा साक्षीदार म्हणून दिसलं तर तो पॅरिश क्लार्क, नातेवाईक नव्हे. त्याला वंशावळीत जागा देऊ नका. जे नाव एकदाच येतं आणि वधूच्या आडनावाचं असतं ते धरायचं, तो भाऊ किंवा बाप असायची शक्यता चांगली.

कंपनीबाग

विषयाला धरूनच विचारतो. आमच्याकडे नेमकं उलटं आहे. इंग्लंडमधला सैनिक, लग्न 1840 च्या दशकात पुण्याजवळ खडकीच्या छावणीत. त्याची नोंद इंग्लंडच्या पॅरिशमध्ये सापडेल का?

दप्तरी

नाही. मुंबई इलाख्यातल्या चर्चची लग्नं, बाप्तिस्मे, दफनं यांच्या नकला लंडनला इंडिया ऑफिसकडे जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मुंबईची मालिका एन/3. बंगालची एन/1, मद्रासची एन/2. सैनिक मद्रासच्या पलटणीचा असला तरी लग्न खडकीला लागलं असेल तर आधी एन/3 बघा. फोटो फाइंडमायपास्टवर आहेत, इंडेक्स फॅमिलीसर्चवर, आणि फिबिस या ब्रिटिश भारतातल्या घराण्यांचा शोध घेणाऱ्या संस्थेचा डेटाबेस मोफत आहे. नकलेत रेजिमेंट आणि हुद्दा असतो, त्यावरून इंग्लंडमधल्या सैन्याच्या कागदांत शिरता येतं. बायकोच्या नावापुढे मात्र कधी नुसतं 'विधवा' असतं. पलटणीत नवरा गेल्यावर काही महिन्यांत दुसरं लग्न लागे, म्हणून तिचं आधीचं लग्नही त्याच मालिकेत दोन-तीन वर्षं मागे शोधा.

अक्षरओळख

उंबरठाताई 1790 च्या मागे जाणारच, तर काही खाचखळगे आधीच सांगून ठेवते.

1752 पूर्वी वर्ष 25 मार्चला बदलायचं. फेब्रुवारी 1720 ही नोंद आपल्या हिशेबाने फेब्रुवारी 1721. म्हणून मे 1720 ला लग्न आणि फेब्रुवारी 1720 ला बाप्तिस्मा दिसलं तर मूल लग्नाआधीचं नाही, नऊ महिन्यांनंतरचं आहे. उतरवताना 1720/21 असं दोन्ही लिहा. 1752 मध्ये 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर आला, मधले अकरा दिवस वहीत शोधू नका.

महिन्यांची नावं आकड्याने लिहीत. 7बर म्हणजे सप्टेंबर, 8बर ऑक्टोबर, 9बर नोव्हेंबर, आणि एक्सबर म्हणजे डिसेंबर. सातवा महिना म्हणून जुलै धरलं की सगळं बिघडतं. नावांची छाटणीही तशीच. जे-एन-ओ ही तीन अक्षरं म्हणजे जॉन, जोनाथन नव्हे. जे-ए-एस म्हणजे जेम्स. लॅटिनमध्ये जाकोबुस हा जेम्स आणि गुलिएल्मुस हा विल्यम. नावाच्या सुरुवातीला एक्स दिसला तर क्रिस्तोफर किंवा क्रिश्चन. शब्दाच्या मधला लांब एस एफसारखा दिसतो. नोंद वाचता येत नसेल तर त्याच पानावरची ओळखीची शब्दं, म्हणजे महिने, 'विधवा', 'याच पॅरिशचे', शोधून त्या हाताची अक्षरं एका कागदावर उतरवा आणि मग नावाकडे वळा.

1653 च्या 29 सप्टेंबरपासून राजेशाही परत येईपर्यंत लग्नं चर्चमध्ये नव्हे तर न्यायाधीशासमोर लागायची आणि घोषणा बाजाराच्या दिवशीही होई. त्या सात-आठ वर्षांत पुष्कळ वह्यांत भगदाड आहे. आणि 1754 आधी लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास चोरून लावलेल्या लग्नांच्या वह्या आहेत, राष्ट्रीय अभिलेखागारात आरजी 7 या मालिकेत. त्यांतल्या तारखांवर फार विश्वास नको, पैसे घेऊन मागची तारीख घालून द्यायचे. पुढे हार्डविकच्या कायद्याने रजिस्टरमध्ये खोटी नोंद करणाऱ्याला देहान्त ठेवला, त्यावरून आधी काय चालत होतं ते समजा.

1783 ते 1794 मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता आणि गरिबांना माफ. नावापुढे पी दिसला तर करमाफी. काही पाद्री उदार मनाने बऱ्याच जणांना पी लावत, तेव्हा घराणं कंगाल होतं असं लिहून टाकू नका.

उंबरठा

सगळ्यांना सांगते, बॅन्सच्या वहीने निकाल दिला. विंडम, 1819, सप्टेंबर 12, 19 आणि 26. जेम्स 'या पॅरिशचा', सुझन 'हिंगहॅमची, अविवाहित'. नॉर्विचच्या जोडप्याची मुलं 1818 ते 1826 तिथल्याच चर्चमध्ये, बाप विणकर. म्हणजे 'ब' बाद. हिंगहॅमच्या पानावर जेम्सची सही आहे, सुझनची फुली. साक्षीदारांपैकी एकाचं आडनाव सुझनचं, दुसरं नाव आधीच्या-नंतरच्या प्रत्येक लग्नात आहे, तो क्लार्क.

आता जेम्सचे आईवडील. 1754–1812 ची लग्नवही उघडली, पण त्या आडनावाची चार लग्नं 1785 ते 1797 मध्ये आहेत. कुठलं घेऊ?

दप्तरी

एकही नको, आधी जेम्सचा बाप्तिस्मा काढा. 54 वय म्हणजे 1796-97, पण जनगणनेतल्या वयात एक-दोन वर्षांचा फरक चालतोच, म्हणून 1794 ते 1799 बघा.

नॉरफॉकची एक सोय आहे, ती सगळ्या परगण्यांत नाही. 18व्या शतकाच्या अखेरीपासून 1812 पर्यंत तिथल्या बऱ्याच पॅरिशांत बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव लिहीत. 'अमक्याचा मुलगा, आणि मेरी त्याची बायको, पूर्वीची तमुक, अविवाहित.' विधवा असेल तर तसं लिहिलेलं, म्हणजे दुसऱ्या लग्नाची मेखही तिथेच उलगडते. 1813 चा छापील फॉर्म आला आणि त्यात या माहितीला जागाच ठेवली नाही, म्हणून तुमच्या 1821 च्या नोंदीत ती नव्हती. जेम्सच्या नोंदीत ते आडनाव असेल तर चारपैकी कुठलं लग्न ते बसल्या जागी कळेल.

नसेल तर जेम्सच्या भावंडांचे बाप्तिस्मे बघा, पाद्री बदलला की लिहायची पद्धतही बदलते. तेही नसेल तर विंडमच्या गरिबांच्या मदतीचे कागद, त्यातले वास्तव्याचे जबाब. माणूस कुठल्या पॅरिशच्या खर्चाने पोसायचा हे ठरवताना त्याला शपथेवर विचारत की जन्म कुठला, नोकरी कुठे केली, लग्न कधी आणि कुठल्या चर्चमध्ये केलं, मुलं किती. बायकोला नवऱ्याचं पॅरिश लागू होई, म्हणून लग्नाचा तपशील त्यात हमखास येतो. हे कागद बहुतेक वेळा ऑनलाइन इंडेक्समध्ये नसतात. रेकॉर्ड ऑफिसच्या कॅटलॉगमध्ये पॅरिशचं नाव घालून, ओव्हरसियरचे, म्हणजे गरिबांच्या मदतीचं काम बघणाऱ्या पॅरिशच्या माणसाचे, कागद असतात तिथे शोधायचं. मिळाला तर क्रमांकासह ईमेल करून स्कॅन मागवा, पुण्याहून ते होतं.